दिलेल्या गाडीचं टेंपरेचर

मास्तरांनी कुणाला काही भेट दिली, की मला त्या माणसाची काळजी वाटायची. मास्तर वस्तू देत. तिच्यावरचं लक्ष मात्र स्वतःकडे ठेवून घेत.

मला त्यांनी सायकल दिली होती. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते डाइंग मास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये कापडाचे नमुने रंगवायचो. मी रोज नवागामहून पायी येतो हे कळल्यावर एका सकाळी ते आपली सायकल हातात धरून आले आणि म्हणाले, "ही घे. आजपासून तुझी." त्यानंतर चार वर्षं, दर शनिवारी पाळी सुटताना ते गेटपाशी उभे असत आणि अंगठ्याने दोन्ही चाकांतली हवा दाबून बघत. एकदा मागच्या चाकात हवा कमी निघाली, तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी ती सायकल गावाकडच्या भावाला देऊन टाकली आणि मास्तरांना चोरीला गेली म्हणून सांगितलं. ते तडक पोलिस चौकीत गेले. त्यांनी दिलेल्या तक्रार-अर्जात सायकलचा रंग, घंटीचा आवाज आणि मागच्या चाकातल्या हवेची जुनी कुरकुर, तिन्ही गोष्टींची नोंद होती.

शेजारच्या मुलीला लग्नात त्यांनी कुकर दिला. पहिल्या दिवाळीला ते तिच्या सासरी गेले. सासरच्यांना वाटलं, माहेरचं कुणी फराळ घेऊन आलं. मास्तरांनी चहा घेतला, कुकर मागवला, शिट्टी काढून उजेडात धरली आणि "रबर बदला" एवढं सांगून निघून आले.

उजेडात धरणं ही त्यांची खास सवय. रंगाचा नमुना ते फक्त उत्तरेच्या खिडकीत, दिवसाच्या उजेडात बघत. "ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतात," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते त्यांनी फक्त रंगांपुरतं ठेवलं नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना मुलीचा फोटो दाखवला. मास्तर उठले, फोटो घेऊन खिडकीपाशी गेले, थोडा तिरका करून पाहिला आणि परत देत म्हणाले, "पास." माझ्या बायकोला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

दुसरी सवय टेंपरेचरची. कापड रंगवायचं जे मोठं बंद मशीन असतं, त्याला जेट म्हणतात. आत पाणी, रंग आणि कापड. तापमान हळूहळू एकशे तीसवर न्यायचं, तिथे ठरावीक वेळ धरायचं, मग हळूहळू उतरवायचं. एवढ्यात कुणी घाई केली तर कापडावर डाग पडतात आणि मास्तरांच्या कपाळावर शीर उभी राहते. आमच्याकडे असली आठ जेटं होती आणि मास्तर घरी असले तरी ती आठही त्यांच्या डोक्यात चालू असत. जेवताना फोन, देवळातून फोन, "चार नंबरचं टेंपरेचर किती?" त्यांच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना लॅबमधला फोन वाजला. मंगलाष्टकं मागून ऐकू येत होती. मास्तर विचारत होते, "चार नंबर किती?" मी म्हटलं, "मास्तर, कन्यादान आहे तुमच्याकडे." ते म्हणाले, "ते अजून चढतंय. तू जेटचं सांग."

निवृत्त झाल्यावर असा माणूस काय करील, याची आम्हाला धास्ती होती. मास्तरांनी विजेवरची गाडी घेतली. चाळीस वर्षं बॉयलरच्या धुराड्याखाली काढली, आता धूर नको, असं त्यांचं म्हणणं. नवागामच्या त्यांच्या गल्लीत दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथे ही पांढरी, हिरव्या नंबरप्लेटची गाडी उभी राहिली. चार्जिंगची वायर स्वयंपाकघरातून यायची. गाडी भरत असली की मिक्सर लावायचा नाही असा हुकूम होता, त्यामुळे त्या घरात चटणी सकाळी नऊनंतरच व्हायची.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, त्या गाडीत एकदाच बसल्या. गाडी आवाज न करता सुटली तशा त्या दार घट्ट धरून बसल्या, आणि कोपऱ्यावर उतरून पायी घरी आल्या. "आवाज नही, काही नही. माले नही बसनं त्या भूतना गाडीमा," असं त्यांनी आपल्या अहिराणीत कायमचं सांगून टाकलं.

दोन वर्षं मास्तर एकटेच फिरले. मग एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितलं, की गाडी दान करायची आहे.

"का हो? बिघडली का?"

"बिघडायला काय धाड भरलीय तिला. पण मी एकटा बसतो, बाकीच्या जागा रिकाम्या. अर्ध्या लोडवर जेट चालवतो का आपण? पाणी तेवढंच, वीज तेवढीच, कापड अर्धं. पाप आहे ते."

पुण्याची इच्छा मी पुष्कळांत पाहिली आहे. कमी लोडच्या लाजेने दान करणारा हा एकच माणूस.

अर्थात बल्कच्या आधी सँपल, म्हणजे सगळा माल रंगवण्याआधी नमुना. मास्तरांनी तीन संस्थांना गाडी आठ-आठ दिवस चालवायला दिली आणि आपण मागच्या सीटवर वही घेऊन बसले. एका संस्थेने गाडी विश्वस्तांच्या मुलाच्या साखरपुड्याला नेली. मास्तर तिथेही मागे बसून होते, नोंदी करत. ती नापास. दुसरी संस्था गाडी घेऊन काय करायचं तेच ठरवू शकली नाही. आठ दिवस बैठका झाल्या आणि गाडी दारात उभी राहिली. उरलं आमचं मंडळ.

आमचं मंडळ म्हणजे पांडेसऱ्यातल्या खानदेशी लोकांचं. गणपती, वह्यावाटप आणि अलीकडे पेशंटांची ने-आण. मी त्याचा चिटणीस, कारण अक्षर बरं आहे. पेशंटांची ने-आण सुरू झाली ती शेवंताबाईंमुळे. कोसाडच्या वसाहतीत राहणाऱ्या या बाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, तेही उधन्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये तापी. दोन रिक्षा बदलून जायचं. मुलगा लूमवर कामाला, दर खेपेला त्याची पाळी बुडायची. म्हणून शेवंताबाई अधूनमधून "आज माले बरं वाटस" म्हणून घरीच राहत. मग दोन दिवसांत पाय सुजत, चप्पल चढत नसे, धाप लागे. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं, की अशा खाडाखाडीने फार दिवस निघणार नाहीत. वाटेवर कतारगामचे एक काका आणि स्टेशनजवळच्या एक बाई, असे आणखी दोन पेशंट होते.

मास्तरांनी वहीत मांडणी केली. तीन पेशंट, एक ड्रायव्हर. मागे तीन, पुढे एक, आठवड्याची पक्की फेरी. "याला म्हणतात लोड," ते म्हणाले, आणि आम्ही पास झालो.

आमच्या अध्यक्षांना दान आवडतं. विशेषतः ते स्वीकारताना. सुरतेत देणगीदाराचं नाव कुठेही लिहिता येतं. आमच्या सभागृहात सहा पंखे आहेत आणि अठरा पात्यांवर सहा स्वर्गवासी. पंखा फिरत असला की एकही नाव वाचता येत नाही. देणगीदार बघायचा असेल तर उकाड्यात बसावं लागतं. त्याच सभागृहातला पाण्याचा कूलर मास्तरांनी दिलेला आहे आणि त्यावर नाव नाही. अध्यक्षांनी पेंटर बोलावला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "नाव कशाला? मी येतोच की." आणि ते येत, दर पंधरा दिवसांनी, जेटवरचा थर्मामीटर घेऊन.

गाडीच्या समारंभाला मांडव होता, फ्लेक्स होता, पुठ्ठ्याची तीन हात लांब किल्ली होती. फ्लेक्सवर अध्यक्ष पूर्ण आकाराचे आणि गाडी कोपऱ्यात. अध्यक्षांनी दातृत्वावर भाषण केलं. त्यात मास्तरांचं नाव दोनदा आणि स्वतःचं बालपण चारदा आलं. मग नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि अध्यक्ष हिरवा झेंडा उंच करून इंजिन सुरू होण्याची वाट बघत उभे राहिले. ड्रायव्हर रमणभाईने गाडी केव्हाच काढली होती. ती लिंबावरून, माणसांमधून, मुख्य रस्त्यावर निघून गेली. अध्यक्ष झेंडा धरून उभेच. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "गेली साहेब." ते म्हणाले, "सुरू कुठे झाली?"

कागदपत्रं रीतसर झाली. आरसी मंडळाच्या नावावर, विमा मंडळाच्या नावावर, दोन्ही किल्ल्या, चार्जर, टायर बदलायचा पाना, सगळं मास्तरांनी यादी करून दिलं. एकच गोष्ट त्या यादीत नव्हती. गाडीचं अ‍ॅप. ते मास्तरांच्या फोनमध्ये होतं आणि तिथेच राहिलं. गाडी कुठे आहे, चार्जिंग किती टक्के आहे, दार उघडं आहे का, एसी चालू आहे का, सगळं त्यात दिसायचं. नुसतं दिसायचं नाही; घरी बसून हॉर्न वाजवता यायचा, दारं लावता यायची, एसी बंद करता यायचा.

मास्तर बघतात, हे मला आठवड्यातच कळलं. सकाळी फोन आला.

"काल कोसाडहून निघताना सत्त्याऐंशी टक्के होती. आज एक्क्याऐंशी. का?"

"मास्तर, तुम्हाला कसं कळलं?"

"ते सोड. सहा टक्के कुठे गेले?"

मी रमणभाईला विचारलं. रमणभाई अस्सल सुरती, आधी रिक्षा चालवायचा, मंडळाने त्याला मुद्दाम घेतला होता कारण त्याच्या सावकाशीला तोड नव्हती. तो म्हणाला, "भाई, रात्री लाइट गेली होती. एमने कहो, सुरतमां लाइट बी जाय छे." मी मास्तरांना तसं कळवलं. त्यांनी नोंद केली. काकू मागून म्हणाल्याचं मला फोनवर ऐकू आलं, "गाडी दिधी ना तुम्ही? मंग आते कसाले देखतस?" मास्तरांनी फोनवर हात ठेवला असावा, पुढचं ऐकू आलं नाही.

मास्तर बघतात एवढंच मला ठाऊक होतं. ते बटणंही दाबतात, हे कळायला पुढे महिना गेला, आणि तो महिना शेवंताबाईंना भोवला.

झालं असं. डायलिसिस केंद्रात शेवंताबाईंचं मशीन सगळ्यांत आधी सुटायचं. काका आणि दुसऱ्या बाई त्यानंतर चाळीस मिनिटांनी. बाहेर नातेवाइकांची गर्दी, म्हणून रमणभाई त्यांना गाडीत बसवायचा, नुसता एसी लावायचा आणि समोर चहाला जायचा. मे महिना. बरोबर दहा मिनिटांनी एसी बंद पडायचा. शेवंताबाईंना बटणं कळत नव्हती आणि मशीनवरून उठल्यावर हात उचलायचंही त्राण नसे. रमणभाई परत येईपर्यंत त्या घामाने भिजलेल्या, डोळे मिटून. तो पुन्हा लावायचा. पुन्हा दहा मिनिटांनी बंद.

रमणभाईने आधी देवाचा फोटो लावला. मग लिंबू-मिरची बदलली. मग मला येऊन सांगितलं, "साहेब, आ गाडीमां कोई छे." गाडी वर्कशॉपला नेली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली, गाडीत काही दोष नाही असं लिहून दिलं. ते दोन दिवस शेवंताबाई घरी राहिल्या. गाडी परत आली, एसी पुन्हा दहा मिनिटांनी बंद. तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंना गाडीतच चक्कर आली. त्यानंतरच्या पाळीला रमणभाई कोसाडला खाली हॉर्न वाजवत राहिला आणि वरून निरोप आला, की आज बरं वाटतंय. पुढच्या पाळीलाही बरं वाटलं. मी भेटायला गेलो तर पाय लोडासारखे झालेले. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आई बोलते, रिक्षात निदान हवा लागते. पण माझ्या सुट्ट्या संपल्या, भाऊ." समजूत घालून मी तिसऱ्या पाळीला त्यांना कसंबसं तयार केलं.

इकडे अध्यक्षांना तोडगा सुचला होता. बॅटरी थकली असेल तर अशी गाडी पेशंटांसाठी वापरणं धोक्याचं. ती मंडळाच्या कार्यालयीन कामासाठी वळती करावी. मंडळाचं कार्यालयीन काम म्हणजे अध्यक्षांनी ठिकठिकाणी जाऊन झेंडे दाखवणं. रविवारी बैठक ठेवली होती. ठराव मलाच लिहायचा होता.

शनिवारी अकराच्या सुमारास मी मास्तरांकडे गेलो. बॅटरीचं त्यांना कळेल, असं वाटलं. मास्तर पहिल्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीत बसले होते. समोर स्टुलावर फोन, मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केलेला. शेजारी वही. नमस्कार-चमत्कार झाले. काकूंनी पाणी दिलं. मी बॅटरीचा विषय काढणार तेवढ्यात मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुढे वाकले आणि फोनवर बोट टेकवलं.

"काय केलंत?"

"एसी बंद केला. हा तुमचा रमणभाई गाडी उभी करतो, एसी लावतो आणि चहाला जातो. दर फेरीला. रिकामी गाडी गार करायची म्हणजे काय? दहा मिनिटं देतो मी त्याला. माणूस आहे, विसरतो. मग बंद."

मी गॅलरीत गेलो आणि रमणभाईला फोन लावला.

"रमणभाई, एसी आत्ता बंद पडला?"

"हमणांज. बाई गाडीतच आहे. काका अने बीजी बेन अजून अर्धो कलाक मशीन पर."

"भूत सापडलं. नवागामला राहतं. आपले मास्तर."

मग रमणभाई कुणाला तरी काही सांगत असल्याचं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

मी आत येऊन मास्तरांना सांगितलं, की गाडी रिकामी नसते. मागच्या सीटवर शेवंताबाई असतात.

मास्तर म्हणाले, "अ‍ॅपमध्ये माणूस दाखवत नाही."

"म्हणून तर सांगतोय."

"ड्रायव्हर सोडून चहाला जातो. आत पेशंट ठेवून कोण जाईल? तू मला शिकवू नकोस. कापडाचा लॉट पाठवला म्हणजे हात झटकले, असं मी चाळीस वर्षांत केलेलं नाही."

"लॉट नाही हो तो. दिलेली गाडी आहे. ते अ‍ॅप मंडळाच्या फोनवर करून द्या. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"तुमच्या अध्यक्षाच्या हातात देऊ? त्याला गाडी गेलेली कळली नाही."

एवढ्यात फोनने टुणकन आवाज केला. मास्तरांनी चष्मा वर केला.

"बघ. बघ तुझा रमणभाई. पेशंट मशीनवर आणि गाडी हलली." त्यांनी वही ओढली. "खाजगी कामाला निघाला. उधन्यातून कोसाडकडे जायचं तर डावीकडे. हा बघ, उजवीकडे वळला."

"कुठे चाललाय?"

"दिंडोलीच्या बाजूला. इकडे कोण आहे त्याचं? नातेवाईक असणार." मास्तर लिहू लागले. "अकरा एकवीस. रेल्वेचा पूल उतरला. वेग बघ, पन्नास. यालाच लोक सावकाश म्हणतात."

काकू कांदा चिरायचं सोडून येऊन उभ्या राहिल्या. "कोठे वनी गाडी?"

"नवागामात शिरला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "भरबाजारातून. ऐन गर्दीच्या वेळी. याला आज हॉर्न देतो मी." त्यांनी बोट पुढे नेलं आणि थांबले. फोनवरचा निळा ठिपका एका गल्लीत शिरला होता. मास्तरांनी फोन हातात घेतला, लांब धरला, मग खिडकीच्या उजेडात तिरका केला. "ही तर..." ते म्हणाले.

खाली हॉर्न वाजला.

आम्ही तिघंही खाली उतरलो. गाडी ओट्याला लागून उभी होती. रमणभाईने मागचं दार उघडलं. शेवंताबाई उतरल्या, एका हाताला पट्टी, दुसऱ्या हाताने रमणभाईचा खांदा धरलेला. काकूंनी पुढे होऊन त्यांना ओट्यावर सावलीत बसवलं. बाईंनी पदराने मान पुसली आणि मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्हीच का मास्तर?"

"हो. बाई, हे बघा, मला माहीत नव्हतं की..."

"तुमना फोनमा मी दिखस का?"

"नाही."

"मंग बसा गाडीमा."

"मी?"

"मी जठे बसस तठे बसा. रमणभाई, काचा वर करा. वहिनी, यासना फोन तुम्ही धरा."

मास्तरांना इतक्या वर्षांत कुणी हुकूम केलेला मी पाहिला नव्हता. मालकसुद्धा विनंती करायचे. ते एकदा माझ्याकडे बघून मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले. दार लागलं. काचा बंद. डोक्यावर साडेअकराचं ऊन, आणि ती गल्ली अशी, की वारा आलाच तर चुकून येतो. गल्लीतली चार माणसं जमली. मास्तर ताठ बसले होते, नमुना तपासणाऱ्या माणसाने बसावं तसे. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी वरचं बटण काढलं. तिसऱ्या मिनिटाला वही काढून वारा घेतला. पाचव्या मिनिटाला ते आतून काकूंना खुणा करू लागले. एसीचं बटण दाबा, असं म्हणायचं होतं. काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला, विचार केला आणि दाबलं. हॉर्न वाजला. पुन्हा दाबलं. चारी दिवे लुकलुकले. "मी तं पहिलेच सांगं होतं," काकू गल्लीला उद्देशून म्हणाल्या, "भूतनी गाडी शे."

सातव्या मिनिटाला दार उघडून मास्तर बाहेर आले. सदरा अंगाला चिकटला होता, चष्म्यावर वाफ. ते ओट्याच्या कडेला बसले आणि काकूंनी दिलेलं पाणी घटाघटा प्यायले. शेवंताबाईंना पाणी मोजूनच प्यायचं असतं. त्यांनी एकच घोट घेतला होता आणि फुलपात्र बाजूला ठेवलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं.

"सात मिनिटं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी चाळीस बसस."

गल्लीत कुणी हसलं नाही. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, ओटीपी सांगून टाका मास्तर, म्हणजे विषय मिटला. पण शेवंताबाईंनी मला हातानेच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या यासनाकडेच. मंडळमा कोन बठस देखाले? आठे हाऊ रिकामाच बठस." मग मास्तरांकडे वळून, "मन्हं मशीन अकराले सुटस. मी येवाना पहिले एसी लावजा. बंद करू नका."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी बॅटरी उत्तम असल्याचं निवेदन केलं आणि अध्यक्षांनी फार जड मनाने आनंद व्यक्त केला, पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मास्तरांनी भिजलेली वही मांडीवर उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "किती ठेवू?"

"काय?"

"टेंपरेचर. किती डिग्री?"

"थंडी वाजाले नको, चक्कर येवाले नको. तितलं."

"आकडा सांगा ना."

"माले आकडा नही समजस. मशीनवरथून उठनं का अंगमा हीव भरस, आनि घडीभरमा घाम फुटस. मास्तर तुम्ही शेतस."

मास्तरांनी पेनला टोपण लावलं. टेंपरेचर आहे आणि आकडा नाही, असं त्यांच्यापुढे कधी आलं नसावं. मग ते उठले. तसेच, ओल्या सदऱ्यानिशी पुढचं दार उघडून रमणभाईच्या शेजारी जाऊन बसले.

"कोठे निंघनात?" काकूंनी विचारलं.

"कोसाडला. नमुना समोर नसताना रंगाचा शेड कसा जुळवू? बाईंना मागे बसवा. रमणभाई, आधी त्या दोघांना उधन्याहून घ्या."

काकू म्हणाल्या, स्वयंपाक झालाय. मास्तर म्हणाले, झाकून ठेव. गाडी आवाज न करता निघाली आणि कोपऱ्यावरच्या ओट्याला घासता घासता वाचून वळली.

पुढचं मला रमणभाईने सांगितलं. उधन्यापासून मास्तर दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारत होते, "आता?" आणि बाई म्हणत होत्या, "जराक जास्त." मास्तर एक डिग्री चढवत, थोडं धरून ठेवत, पुन्हा विचारत. कतारगामच्या काकांनी मध्येच आपलं मत दिलं, तर त्यांना मास्तरांनी "तुमचा लॉट वेगळा" म्हणून गप्प केलं. अमरोलीच्या पुलावर गाडी चढली, खाली तापी, आणि मास्तरांनी पुन्हा मागे पाहिलं, तर शेवंताबाई उत्तर द्यायच्या ऐवजी झोपल्या होत्या. ओठ जरा उघडे, कपाळ कोरडं. मास्तरांनी रमणभाईला आवाज न करण्याची खूण केली, आणि कोसाड येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

ती नोंद मी पुढे त्यांच्या वहीत पाहिली. सव्वीस डिग्री, पंखा दोनवर. प्रत्येक पानाच्या शेवटी मंजुरीचा रकाना असतो. शेड जुळला की तिथे मास्तरांची सही, आणि इतक्या वर्षांत तिथे दुसऱ्या कुणाची सही झालेली मी पाहिलेली नव्हती. या पानावर त्यांनी रकाना मोकळा ठेवून बाईंना उतरताना वही पुढे केली असावी. अक्षर थरथरतं, ओळीच्या बाहेर गेलेलं, एका बाजूला कलंडलेलं होतं. शेवंता.